फ्रेंच राज्यक्रांतीची कारणं आणि परिणाम डोक्यात बसवायचे असतील तर राजाच्या जमाखर्चापासून सुरुवात करा

शाळेत मी या क्रांतीची कारणं पाठ केली होती, राजकीय सामाजिक आर्थिक वैचारिक आणि तात्कालिक असे पाच डबे, प्रत्येक डब्यात तीन-तीन पॉइंट, आणि पेपरात नेमका चौथा डबा रिकामा निघाला. मार्क गेले ते गेलेच, पण जे पॉइंट आठवले होते ते तरी कुठे कळले होते. 'राजाची उधळपट्टी' असं झोकात लिहिलं, पण किती उधळली, कोणाच्या पैशांवर, आणि उधळपट्टी तर सगळेच राजे करतात मग नेमकं १७८९ लाच का फुटलं, असं कोणी विचारलं असतं तर माझी बोंब होती.

नंतर बऱ्याच वर्षांनी हा विषय परत वाचायला घेतला तेव्हा एक युक्ती सापडली, ती इथे सांगतो. परीक्षेसाठी करत असाल तरी चालेल, नुसती उत्सुकता असेल तरी चालेल. डबे बाजूला ठेवायचे आणि फक्त एकच प्रश्न धरून चालायचं: पैसे कोणाला द्यायचे होते, आणि ते कोणी भरायचे? या एका प्रश्नाच्या मागे मागे गेलात तर दरबार, सरदार, पाद्री, पाव, बॅस्टिल, गिलोटिन, नेपोलियन सगळे आपोआप रांगेत येतात. वही, पेन आणि दोन-तीन निवांत तास एवढं पुरे.

पहिलं पान: १७८८ चं बजेट

पानाच्या मधोमध उभी रेघ मारा, डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. साल १७८८, म्हणजे क्रांतीच्या आदल्या वर्षीचं, गादीवर सोळावा लुई. चलन लिव्र. जमेला लिहा साधारण ५० कोटी ३० लाख. खर्चाला लिहा साधारण ६२ कोटी ९० लाख. तूट झाली १२ कोटी ६० लाखांची, वर्षाला.

आता खर्चाची फोड करा कारण सगळी गंमत तिथेच आहे. जुन्या कर्जाचं व्याज आणि हप्ते यातच जवळपास ३१ कोटी ८० लाख जात होते, म्हणजे अर्ध्याहून जास्त. सैन्य, आरमार आणि परराष्ट्र खातं मिळून साडेसोळा कोटी. उरलेल्या साडेचौदा कोटींत सगळा राज्यकारभार, आणि त्यातच पॅरिसजवळच्या व्हर्सायच्या राजवाड्यातला दरबार, ज्याचा वाटा साधारण साडेतीन कोटी. साडेतीन भागिले त्रेसष्ट करून बघा, सहा टक्क्यांच्या आत येतं. राणीचे कपडे, दागिने, पार्ट्या सगळं एका रात्रीत बंद केलं असतं तरी तूट भरली नसती. उधळपट्टी झाली नाही असं मी म्हणत नाही, ती झालीच, आणि लोकांच्या डोळ्यात खुपत होती, पण खड्डा तिने पडला नव्हता.

मग खड्डा कशाने पडला? युद्धांनी. ऋण काढून सण करतात तसं फ्रान्सने ऋण काढून लढाया केल्या. १७५६ ते १७६३ सात वर्षांचं युद्ध, त्यात इंग्लंडकडून मार खाल्ला आणि कॅनडा गेला. मग बदला म्हणून १७७८ पासून अमेरिकन वसाहतींच्या बाजूने इंग्लंडविरुद्ध उडी, त्यावर १०० कोटी लिव्रच्या वर खर्च. म्हणजे एका राजाने दुसऱ्या राजाविरुद्धच्या क्रांतीला पैसे पुरवले आणि त्या बिलापायी स्वतःची गादी घालवली. हे वाक्य वहीत ठळक लिहून ठेवा, उत्तरात कामाला येतं.

या युद्धाचा पैसा अर्थमंत्री नेकरने नवीन टॅक्स न लावता जवळजवळ सगळा कर्जाने उभा केला. लोक खूश, कारण टॅक्स वाढला नाही. १७८१ मध्ये त्याने राज्याचा जमाखर्च छापून लोकांपुढे ठेवला, फ्रान्समध्ये असं आधी कधी झालं नव्हतं, आणि त्यात दाखवली चक्क एक कोटीची शिल्लक! युद्धाचा खर्च 'विशेष' म्हणून त्यात धरलाच नव्हता. हजारो लोकांनी ते वाचलं आणि पुढे पाच-सहा वर्षांनी दुसरा मंत्री येऊन म्हणाला की तिजोरीत खडखडाट आहे तेव्हा कोणाचा विश्वासच बसेना, सगळे म्हणाले मधल्या काळात यांनीच खाल्ले असणार.

थोडं आडवळण, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. या कर्जांत एक प्रकार होता आजीवन वर्षासनाचा, म्हणजे आज एकरकमी पैसे द्या आणि कोणा एका माणसाचं नाव द्या, तो माणूस जिवंत असेपर्यंत दरवर्षी सरकार तुम्हाला रक्कम देत राहणार. सरकारने रेट ठरवताना वय बघितलंच नाही, म्हाताऱ्याला तोच रेट आणि पोरीला तोच. जिनिव्हाच्या बँकर्सनी बरोबर ओळखलं आणि चांगल्या घरातल्या, देवी येऊन गेलेल्या, ठणठणीत लहान मुली निवडून त्यांच्या नावावर पैसे लावले. त्या मुली जगत राहिल्या आणि फ्रान्सची तिजोरी गळत राहिली. राज्य चालवणाऱ्यांचं गणित किती कच्चं होतं हे समजायला माझ्या मते एवढं एक उदाहरण पुरतं.

दुसरं पान: कोण भरत नव्हतं

इथे तीन इस्टेटचा, म्हणजे समाजाच्या तीन वर्गांचा, पिरॅमिड काढायची सगळ्यांना सवय असते, काढा, पण त्याच्या शेजारी टॅक्सची नावं लिहा नाहीतर तो नुसता त्रिकोण राहतो. लोकसंख्या साधारण २ कोटी ८० लाख. पहिली इस्टेट पाद्री, सव्वा लाखाच्या आसपास. दुसरी सरदार-उमराव, आकड्यांवर वाद आहे पण फार तर एक-दीड टक्का. बाकी सगळे तिसरी, यात वकील, डॉक्टर, कोट्यधीश व्यापारी पण आले आणि ज्याच्याकडे जमिनीचा तुकडाही नाही असा मजूर पण आला.

ताय हा मुख्य प्रत्यक्ष कर, सरदार आणि पाद्री त्यातून सुटलेले. गाबेल म्हणजे मिठावरचा कर, तो प्रांताप्रांतात इतका वेगवेगळा की मिठाची तस्करी हा एक धंदाच होऊन बसला होता. दीम म्हणजे पिकातला हिस्सा चर्चला. रस्त्यांवर बिनपगारी राबणं वेगळं, आणि गावच्या जमीनदाराचे हक्क वेगळे, त्याचीच भट्टी, त्याचीच पिठाची चक्की, त्याचीच द्राक्षं पिळायची यंत्रं वापरायची आणि त्याचे पैसे द्यायचे.

हे हक्क म्हणजे नेमकं काय हे कळायला एक प्रसंग लक्षात ठेवा. १२ जुलै १७८९ ला, बॅस्टिल पडायच्या दोनच दिवस आधी, आर्थर यंग नावाचा इंग्रज शेती-जाणकार पूर्व फ्रान्समध्ये घोड्याची दमछाक नको म्हणून चढावर पायी चालला होता, वाटेत एक बाई भेटली. नवऱ्याकडे जमिनीचा तुकडा, एक गाय, एक मरतुकडा घोडा, सात मुलं. एका जमीनदाराला गहू आणि तीन कोंबड्या द्यायच्या, दुसऱ्याला ओट, एक कोंबडी आणि एक सू (छोटं नाणं), वर सरकारचे टॅक्स ते निराळेच. यंगला ती साठ-सत्तर वर्षांची वाटली. ती अठ्ठावीसची होती. ती त्याला म्हणाली की मोठी माणसं आमच्यासाठी काहीतरी करणार आहेत म्हणे, कोण आणि कसं ते माहीत नाही. 'सामंतशाहीचे जाचक कर' या पॉइंटच्या जागी त्या तीन कोंबड्या लिहून बघा, उत्तर तपासणारा थांबून वाचेल.

एक चूक मात्र टाळा. 'सरदार एक पैसाही टॅक्स भरत नव्हते' असं लिहू नका. व्हँतियेम आणि कॅपिटेशन हे दोन कर कागदावर त्यांनाही होते, ते वशिल्याने कमी करून घ्यायचे एवढंच. चर्च स्वतःच्या मर्जीने 'भेट' म्हणून ठरावीक रक्कम द्यायचं. आणि श्रीमंत व्यापारी काय करायचा तर सरकारी पद विकत घ्यायचा, कारण कितीतरी पदं खुल्लमखुल्ला विकली जायची आणि त्यातली काही पदं घेतली की सरदारकी मिळायची. म्हणजे जो टॅक्स भरू शकतो तो पैसे मोजून टॅक्सच्या बाहेर पडतो. आडातच नाही तर पोहऱ्यात येणार कुठून?

आता दोन्ही पानं शेजारी ठेवा. एका पानावर तूट, दुसऱ्या पानावर ज्यांच्याकडे पैसा आहे ते सुटलेले. उपाय कोणालाही दिसेल, सुटलेल्यांना पकडा. राजाच्या मंत्र्यांनाही तो दिसला होता, हे लोक विसरतात. तुर्गोने १७७६ पर्यंत प्रयत्न केला आणि घालवला गेला. कालोनने फेब्रुवारी १७८७ मध्ये बड्या लोकांची सभा बोलावली आणि सांगितलं की जमिनीवर सगळ्यांना एकच कर लावू, त्यांनी तो हाणून पाडला. त्याच्यानंतरच्या ब्रिएनने पार्लमांकडे नेलं, पार्लमां म्हणजे संसद नव्हे बरं का, ही वरिष्ठ न्यायालयं होती जिथे राजाचे हुकूम नोंदवून घ्यावे लागायचे, ते म्हणाले नवीन कर फक्त इस्टेट्स जनरल, म्हणजे तिन्ही इस्टेटच्या प्रतिनिधींची सभा, मंजूर करू शकते. आणि ही इस्टेट्स जनरल शेवटची भरली होती १६१४ मध्ये. ऑगस्ट १७८८ मध्ये राजाने हात टेकले, मे १७८९ ची तारीख दिली, आणि त्याच महिन्यात खजिन्याला काही देणी रोखीत देणं थांबवावं लागलं.

म्हणजे राजाला पहिला नाही म्हणणारे शेतकरी नव्हते, सरदार होते. आपले हक्क वाचवायला त्यांनी जो दरवाजा उघडला त्यातून पुढे त्यांचेच हक्क बाहेर फेकले गेले. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तसा प्रकार.

पावाचं गणित

हे पान छोटं आहे पण सोडू नका. १३ जुलै १७८८ ला भयानक गारपीट झाली, उभं पीक झोपलं, त्यानंतरचा हिवाळा कडाक्याचा. पॅरिसमध्ये चार पौंडी पाव, म्हणजे जवळपास दोन किलोचा, एरवी ८-९ सूला मिळायचा तो फेब्रुवारी १७८९ मध्ये साडेचौदा सूला गेला. साध्या मजुराची रोजची कमाई २० ते ३० सू. चार माणसांच्या घराला रोज दोनेक पाव लागतात असं धरा आणि स्वतःच गुणाकार करा, २९ सू. भाडं नाही, सरपण नाही, कपडा नाही, फक्त पाव.

आता लक्षात घ्या, भूक एकटी असती तर दंगा झाला असता आणि दोन दिवसांत शमला असता, तसे दंगे आधीही झाले होते. एकटी तूट असती तर मंत्र्यांची अदलाबदल झाली असती. पण रिकामी तिजोरी आणि रिकामी चूल एकाच वर्षी आल्या, आणि त्याच वर्षी राजाने स्वतःहून देशभरच्या लोकांना सांगितलं की तुमच्या तक्रारी लिहून पाठवा. हजारो गावांनी पाठवल्याही. नेमकं १७८९ लाच का, या प्रश्नाचं माझं उत्तर हे.

१७८९ साठी तीन रकाने

सनावळ्या एकाखाली एक पाठ करू नका. पान आडवं धरा आणि तीन रकाने पाडा, व्हर्साय, पॅरिस, गावं. प्रत्येक घटना आपल्या रकान्यात टाका आणि एकीकडून दुसरीकडे बाण काढा. बाण महत्त्वाचे, कारण हे वर्षच असं आहे की एका ठिकाणी काही झालं की त्याचा धक्का दुसरीकडे बसतो.

व्हर्साय: ५ मे ला इस्टेट्स जनरल भरली. तिसऱ्या इस्टेटचे प्रतिनिधी जवळपास ६००, बाकी दोघांचे ३००-३००. पण मत कसं मोजायचं? डोक्यामागे एक, की इस्टेटमागे एक? इस्टेटमागे धरलं तर दोन विरुद्ध एक, ६०० असून हरले. यावरच सहा आठवडे गेले. शेवटी १७ जूनला तिसऱ्या इस्टेटने स्वतःलाच राष्ट्रीय सभा म्हणून जाहीर केलं, २० जूनला हॉलला कुलूप दिसलं म्हणून जवळच्या टेनिस कोर्टात जमून संविधान दिल्याशिवाय उठणार नाही अशी शपथ घेतली. खरी राजकीय क्रांती इथे झाली, बॅस्टिलच्या तीन-साडेतीन आठवडे आधी, आणि ती सुद्धा मतमोजणीच्या भांडणातून. मला हा प्रसंग बॅस्टिलपेक्षा मोठा वाटतो, कारण इथे पहिल्यांदा सत्तेचा मालक बदलला.

११ जुलैला राजाने नेकरला काढलं, पॅरिसभोवती सैन्य आधीच जमलेलं. पहिला बाण पॅरिसकडे. लोकांना वाटलं आता सभा मोडणार आणि पाव अजून महागणार. १४ ला सकाळी लोकांनी ऑंव्हालीद या लष्करी इमारतीतून बंदुका काढल्या पण त्यात भरायला दारू नव्हती, दारू होती बॅस्टिलच्या किल्ल्यात. म्हणून बॅस्टिल. आत कैदी फक्त सात होते, त्यांना सोडवायला कोणी गेलं नव्हतं. हल्ला करणाऱ्यांपैकी शंभरेक माणसं मेली. राजाच्या डायरीत त्या दिवशी लिहिलंय 'काही नाही', त्यावर सगळे हसतात, पण ती त्याची शिकारीची नोंद होती, शिकार मिळाली नाही एवढाच तिचा अर्थ.

दुसरा बाण गावांकडे. पॅरिसची बातमी पसरली, वर अफवा की सरदार गुंडांना पैसे देऊन उभं पीक जाळायला पाठवतायत. शेतकरी हत्यारं घेऊन उठले, गुंड काही आले नाहीत, मग गर्दी वळली जमीनदाराच्या वाड्याकडे आणि जिथे जिथे जमीनदारांनी येणी लिहिलेले कागद ठेवले होते ते जाळले. काय जाळलं ते बघा, बहुतेक ठिकाणी माणसं नाही मारली, हिशोब जाळला. याला 'महाभय' म्हणतात.

तिसरा बाण परत व्हर्सायला. ४ ऑगस्टच्या रात्री घाबरलेल्या सभेत सरदार एकामागून एक उठून आपले हक्क सोडू लागले. २६ ऑगस्टला मानवी हक्कांचा जाहीरनामा, १७ कलमं. हा मूळ मजकूर एकदा तरी वाचाच, दहा मिनिटं लागतात, आणि गाइडमधल्या चार पानांपेक्षा जास्त कळतं. त्यात १३ वं कलम करांवर आहे, प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे समान वाटा उचलायचा, आणि १७ वं कलम मालमत्तेचा हक्क पवित्र आहे असं म्हणतं. ही दोन कलमं मनात ठेवा, पुढे कामाला येतील.

राजा या ठरावांवर सही करायला टाळाटाळ करत राहिला, पॅरिसमध्ये पाव मिळेना, ५ ऑक्टोबरला बाजारातल्या बायका पावसात चालत व्हर्सायला गेल्या आणि दुसऱ्या दिवशी राजाराणीला घेऊनच परतल्या. बेकर, बेकरची बायको आणि बेकरचा पोरगा आणला, असं म्हणत होत्या. पान इथे संपतं.

विचारवंत कुठे बसवायचे

व्हॉल्टेअर, रूसो, माँतेस्क्यू यांचं नाव कारणांत सगळ्यात वर लिहायची पद्धत आहे. मी त्यांना खाली ठेवतो. तूट त्यांनी केली नाही, गारपीटही नाही. पण मे ते ऑगस्ट जे लोक सभेत बसले होते, त्यात वकील खूप, त्यांच्याकडे बोलायला जी भाषा होती, राष्ट्र, नागरिक, हक्क, ती तिथून आली. जानेवारी १७८९ मध्ये सियेस नावाच्या पाद्र्याने एक पत्रक काढून विचारलं तिसरी इस्टेट म्हणजे काय, आणि उत्तर दिलं: सगळं. उपाशी माणूस पाव मागतो, संविधान मागायला हे लागतं. तेवढं श्रेय द्या.

आणि हो, 'पाव नसेल तर केक खा' हे राणी मारी आंत्वानेतच्या तोंडी घालू नका. रूसोने आत्मचरित्रात कुठल्यातरी राजकन्येबद्दल तसा किस्सा लिहिला तेव्हा मारी आंत्वानेत ऑस्ट्रियात लहान मुलगी होती.

परिणाम: कर्ज अजून तिथेच आहे

बहुतेक नोट्समध्ये १७८९ नंतर कर्ज गायब होतं. गायब कसं होईल, उलट नवीन सभेने ते मान्य केलं, कारण कर्ज देणाऱ्यांत मध्यमवर्गातले लोक पण होते आणि मालमत्ता पवित्र हे त्यांनीच लिहिलं होतं. मग पैसे आणायचे कुठून? २ नोव्हेंबर १७८९ ला चर्चची जमीन राष्ट्राच्या ताब्यात घेतली, देशातली साधारण दहावा हिस्सा जमीन. ती विकेपर्यंत तिच्या तारणावर कागद काढले, असिन्या. ते कागद थोड्याच दिवसांत नोटा म्हणून चालू लागले.

इथून साखळी बघा. जमीन घेतली म्हणजे पाद्र्यांचे पगार सरकारने द्यायचे, मग ते सरकारी नोकर झाले, मग त्यांनी शपथ घ्यावी असा हुकूम निघाला, अर्ध्या पाद्र्यांनी नकार दिला, आणि धार्मिक शेतकरी जो आत्तापर्यंत क्रांतीच्या बाजूने होता तो काही भागांत उलटला. १७९१ च्या जूनमध्ये राजा पळून जाताना व्हारेन गावी पकडला गेला. एप्रिल १७९२ मध्ये ऑस्ट्रियाशी युद्ध पुकारलं, युद्धाला पैसे हवेत, मग अजून नोटा छापा, नोटांची किंमत घसरली, पाव परत महाग. सप्टेंबर १७९२ ला राजेशाही रद्द, २१ जानेवारी १७९३ ला सोळाव्या लुईचं डोकं उडवलं. मार्चमध्ये सक्तीच्या सैन्यभरतीवरून वांदे प्रांत पेटला, तिथे पाद्र्यांचा राग आधीच साठलेला. मग धान्याचे भाव बांधले, संशयितांना पकडायचा कायदा आला, सरकार चालवणारी क्रांतिकारी नेता रोबेस्पिएरची समिती आणि गिलोटिन. साधारण १७ हजार लोकांना रीतसर शिक्षा देऊन मारलं, त्यात सरदार कमी आणि साधी माणसं जास्त. जुलै १७९४ मध्ये रोबेस्पिएर स्वतः गेला. या काळाला दहशतीचं पर्व म्हणतात, आणि ते म्हणजे काही वेड्या माणसांचा कारभार, हे स्पष्टीकरण मला कधीच पटलं नाही, युद्ध महागाई आणि बंड एकाच वेळी अंगावर आलेलं सरकार होतं ते. त्यामुळे जे केलं ते माफ होतं असं नाही.

१७९६ पर्यंत असिन्याची किंमत छापील किमतीच्या एक टक्काही उरली नाही, फेब्रुवारीत छापखान्याचे साचे पॅरिसच्या चौकात जाहीरपणे जाळले-मोडले. आणि १७९७ मध्ये सरकारने सांगून टाकलं, राष्ट्रीय कर्जातला फक्त एक तृतीयांश आम्ही मानतो, बाकी दोन तृतीयांशाच्या बदल्यात असे कागद दिले ज्यांची किंमत बघता बघता शून्याकडे गेली. ज्या दिवाळखोरीला टाळायला राजाने इस्टेट्स जनरल बोलावली होती ती नऊ वर्षांनी प्रजासत्ताकाने केली. पहिल्या पानावर परत जा आणि त्या ३१ कोटी ८० लाखांसमोर हे लिहा.

टिकलं काय, हे तपासायची सोपी चाचणी

परिणामांची यादी करताना लोक सगळंच लिहितात, त्यात दोन वर्षं टिकलेलं आणि दोनशे वर्षं टिकलेलं एकाच ओळीत. त्यापेक्षा १८१४ साल घ्या. नेपोलियन हरला, लुईचा भाऊ अठरावा लुई म्हणून गादीवर परत आला, जुनी राजवट परत. आता प्रत्येक गोष्टीसमोर विचारा, राजा परत आल्यावर ही गोष्ट उलटली का?

नाही उलटल्या त्या: चर्चची विकलेली जमीन, नवीन राजाने स्वतःच्या सनदेत लिहून दिलं की ती परत घेणार नाही, हिंमतच नव्हती. जमीनदाराच्या तीन कोंबड्या, म्हणजे सामंती येणी, ४ ऑगस्टच्या रात्री निम्मीच गेली होती, उरलेली शेतकऱ्याने वीस-पंचवीस पट भरून सोडवायची होती, ती १७९३ मध्ये भरपाईशिवाय रद्द झाली आणि परत कधी आली नाहीत. सगळ्यांना जमिनीचा एकच कर. देशाचे ८३ भाग करून केलेली नवी प्रशासकीय रचना. नेपोलियनची १८०४ ची नागरी संहिता.

उलटल्या त्या: प्रजासत्ताक, घटस्फोटाचा हक्क जो १७९२ ला मिळाला होता आणि १८१६ ला काढून घेतला, तिरंगा झेंडा जो १८३० ला परत आला. क्रांतीचं दहा दिवसांच्या आठवड्याचं कॅलेंडर तर नेपोलियननेच १८०६ पासून बंद केलं. मीटर आणि किलोग्रॅम अर्धवट, १७९५ चा कायदा पण सक्ती १८४० पासून.

आणि काही गोष्टी क्रांतीने दिल्याच नाहीत. मजुरांना संघटना आणि संप करायला १७९१ च्या ल शापलिए कायद्याने बंदी घातली, ती सैल व्हायला १८६४ उजाडलं. बायकांना मतदान नाही. ओलँप द गूजने १७९१ मध्ये स्त्रियांच्या हक्कांचा वेगळा जाहीरनामा लिहिला, १७९३ च्या नोव्हेंबरमध्ये तिला गिलोटिनवर चढवलं, आणि व्हर्सायला चालत गेलेल्या बायकांच्या देशात बायकांना मताचा हक्क मिळाला १९४४ मध्ये.

उत्तर लिहायचं असेल तर याच क्रमाने लिहा, तूट, कोण भरत नव्हतं, पाव, तीन रकाने, मग १८१४ ची चाचणी. आकडे चार-पाचच टाका, जास्त टाकले तर यादी वाटते.

शेवटचं पान समुद्रापलीकडचं

हे पान गाइडमध्ये बहुधा नसतं. फ्रान्सची सगळ्यात श्रीमंत वसाहत कॅरिबियन समुद्रातली सँ-दोमँग (आजचं हैती) होती, साखर आणि कॉफी, राबणारे गुलाम, बहुतेक आफ्रिकेतून आणलेले. जाहीरनाम्याचं पहिलं कलम म्हणतं माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान, १७ वं म्हणतं मालमत्ता पवित्र, आणि गुलाम कायद्याने मालमत्ता होते. आता दोन्ही कलमं खरी कशी करणार? गुलामांनी वाट बघितली नाही, ऑगस्ट १७९१ मध्ये उठाव केला, फ्रान्सला ४ फेब्रुवारी १७९४ ला गुलामगिरी रद्द करावी लागली. नेपोलियनने १८०२ मध्ये ती परत आणली आणि सैन्य पाठवलं, उठावाचा नेता तूसँ लुव्हेर्त्युर याला फसवून पकडून फ्रान्सच्या तुरुंगात मरू दिलं, पण सैन्य हरलं आणि १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र झाला.

१८२५ मध्ये फ्रान्सचा राजा दहावा शार्ल याने युद्धनौका पाठवून हैतीला सांगितलं की मान्यता हवी असेल तर मळेवाल्यांच्या नुकसानभरपाईचे १५ कोटी फ्रँक भरा. पहिला हप्ता भरायलाच हैतीला फ्रेंच बँकांकडून कर्ज काढावं लागलं. पुढे रक्कम कमी करून ९ कोटी केली. तुमच्या वहीत इथेही तीच उभी रेघ मारा, पैसे कोणाला द्यायचे होते आणि ते कोणी भरायचे, आणि खाली तारीख टाका: भरपाईमुळे अंगावर आलेल्या कर्जांचा शेवटचा हप्ता हैतीने १९४७ मध्ये फेडला.